पॉपअप एका ब्राउझरमध्ये दिसतं, दुसऱ्यात नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा, वाचनालयं, पतसंस्था, सोसायट्या अशा छोट्या संस्थांच्या वेबसाइट करून देताना पॉपअपबद्दलचे तेच ते प्रश्न मला येत राहतात. काही साइट वापरणाऱ्यांचे, काही चालवणाऱ्यांचे. सोपे आधी घेतलेत, अडचणीचे नंतर. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. पॉपअप म्हणजे नेमकं काय? सगळी पॉपअप एकसारखी का वागत नाहीत?

कारण आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलंय. पहिली, खरीखुरी वेगळी खिडकी: तिला स्वतःचा अ‍ॅड्रेस बार असतो आणि ती माउसने धरून स्क्रीनवर कुठेही नेता येते. दुसरी, ब्राउझरची स्वतःची सूचना: 'नक्की डिलीट करायचं का?' असं विचारून दोन बटणं देणारी. तिसरी, पानाच्या आतच काढलेली चौकट: मागचं पान काळपट होतं आणि मधे जाहिरात किंवा सूचना येते.

पहिली उघडू द्यायची की नाही हे ब्राउझर ठरवतो. दुसरी कशी दिसेल तेही तोच ठरवतो. तिसरी मात्र साइट करणाऱ्याच्या हातात असते. तक्रार ऐकली की मी आधी हेच विचारते, यातली कोणती? ते कळलं की निम्मं काम होतं.

२. माझ्या लॅपटॉपवर दिसतं, पण सरांच्या मशीनवर दिसत नाही. सुरुवात कुठून करू?

सरांच्या मशीनवर अ‍ॅड्रेस बारकडे बघा. खिडकी अडवली गेली असेल तर तिथेच खूण दिसते (प्रश्न ३). खूण नसेल तर तीच साइट इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी, खिडकीत उघडा. तिथे एक्सटेन्शन्स (ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम) सहसा बंद असतात आणि जुन्या कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) नसतात. तिथे पॉपअप दिसलं तर दोष जाहिराती रोखणाऱ्या एक्सटेन्शनचा (प्रश्न १६) किंवा 'एकदा दाखवलं, आता नको' या नोंदीचा (प्रश्न १५). तिथेही दिसलं नाही तर ब्राउझरचं नाव आणि आवृत्ती लिहून घ्या आणि पुढचे प्रश्न वाचा.

३. अडवलेलं पॉपअप परत कसं मिळवायचं?

कॉम्प्युटरवरच्या क्रोम आणि एजमध्ये अ‍ॅड्रेस बारच्या उजव्या टोकाला खिडकीचं छोटं चिन्ह येतं. त्यावर क्लिक करून त्या एका साइटला कायमची परवानगी देता येते. फायरफॉक्स पानाच्या वरच्या बाजूला एक पट्टी दाखवतो, परवानगीचा पर्याय तिच्यातच असतो. मॅकवरच्या सफारीत अ‍ॅड्रेस बारमध्ये क्षणभर सूचना येते आणि मग एक चिन्ह उरतं. ते सहज नजरेतून सुटतं, म्हणून मॅकवाले सर्रास 'काहीच झालं नाही' असं सांगतात. तिथे सफारीच्या सेटिंग्जमध्ये वेबसाइट्स या भागात पॉप-अप विंडोज शोधा.

अँड्रॉइडच्या क्रोममध्ये तीन टिंब, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, मग पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सफारी (नव्या आयओएसमध्ये आधी अ‍ॅप्स, मग सफारी) आणि तिथे ब्लॉक पॉप-अप्स. आयफोनवरचं हे बटण सगळ्या साइटना लागू होतं, त्यामुळे काम झालं की ते पुन्हा चालू करा.

आणि कृपया 'सगळ्या साइटना परवानगी' हा पर्याय कुणालाही सुचवू नका. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर तर नाहीच. 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' असं ओरडणारी पानं याच वाटेने येतात.

४. मुळात ब्राउझर पॉपअप अडवतात कशासाठी?

१९९० च्या दशकात ट्रायपॉड नावाच्या कंपनीत काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडणारा कोड लिहिला. पानावरच्या मजकुराशी आपलं नाव जोडलं जाऊ नये अशी जाहिरातदारांची इच्छा होती, म्हणून जाहिरात पानापासून वेगळी काढली. २०१४ मध्ये झुकरमन यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. मधल्या काळात एक पान उघडलं की पाच-सहा खिडक्या उघडायच्या, बंद केलेली पुन्हा यायची. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ बरोबर इंटरनेट एक्सप्लोररमध्येही पॉपअप ब्लॉकर आला. ऑपेरा, मोझिला आणि सफारीत तो त्याआधीच होता. तेव्हापासून नियम असा की माणसाने स्वतः काही दाबलं तरच खिडकी उघडेल. 'माणसाने स्वतः दाबलं' याचा अर्थ प्रत्येक ब्राउझर थोडा वेगळा लावतो, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

५. पण आमच्या साइटवर माणूस बटण दाबतो, मगच खिडकी उघडते. तरी सफारी का अडवते?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

बटण दाबलं की ब्राउझर पानाला थोड्या वेळापुरता एक हक्क देतो: आता तू एक खिडकी उघडू शकतोस. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हा हक्क साधारण ५ सेकंद टिकतो. सफारी याबाबतीत कडक आहे. आता तुमचं बटण काय करतं ते पाहा. माणूस 'पावती पाहा' दाबतो. पान सर्व्हरला विचारतं, पैसे जमा झाले का? उत्तर येतं आणि मग खिडकी उघडायचा आदेश जातो. म्हणजे दाबणं आणि उघडणं यांच्यामध्ये सर्व्हरची फेरी झाली. सफारीच्या लेखी ही खिडकी माणसाने नाही, पानाने परस्पर उघडली.

क्रोममध्येही हे होतं, फक्त कमी वेळा. ऑफिसच्या वेगवान इंटरनेटवर उत्तर अर्ध्या सेकंदात येतं, सगळं सुरळीत दिसतं. गावाकडे नेटवर्क रेंगाळलं की ५ सेकंद उलटून जातात आणि तीच साइट, तोच क्रोम खिडकी अडवतो. एका शाळेच्या प्रवेश अर्जात नेमकं हेच झालं होतं. पावती उघडली नाही म्हणून काही पालकांनी पुन्हा पैसे भरले. दोष पालकांचा नव्हता, ब्राउझरचाही नव्हता.

उपाय दोन आहेत. पहिला: बटण दाबताक्षणी रिकामी खिडकी उघडून ठेवा, तिच्यात 'थांबा, पावती येत आहे' एवढं लिहा, आणि सर्व्हरचं उत्तर आलं की त्याच खिडकीत पावतीचा पत्ता भरा. दुसरा, आणि माझ्या मते चांगला: उत्तर आल्यावर त्याच पानावर 'पावती उघडा' अशी साधी लिंक दाखवा. ती माणूस स्वतः दाबेल, मग अडवण्याचा प्रश्नच येत नाही.

आणखी एक: क्रोम एका क्लिकला एकच खिडकी उघडू देतो. 'हॉल तिकीट आणि सूचनापत्र दोन्ही उघडा' असं बटण केलं असेल तर दुसरी खिडकी अडकेल.

६. कॉम्प्युटरवर छोटी खिडकी येते, फोनवर मात्र पूर्ण टॅब. हे दुरुस्त करता येईल का?

नाही, आणि ती चूकही नाही. फोनच्या ब्राउझरमध्ये तरंगती छोटी खिडकी नसतेच. रुंदी, उंची, जागा यांचे आकडे तिथे दुर्लक्षित होतात आणि नवा टॅब उघडतो. मॅकवर ब्राउझर फुल स्क्रीन केला असेल तरी असाच अनुभव येतो. म्हणून आत जे पान उघडणार ते कुठल्याही रुंदीला नीट दिसेल असं करा. '६०० रुंद, ४०० उंच' असं धरून तक्ता आखलात तर फोनवर तो वाचता येणार नाही.

कॉम्प्युटरवरचा नियम असा: आदेशात रुंदी-उंची दिली तर वेगळी खिडकी, काहीच दिलं नाही तर नवा टॅब. आणि रुंदी किंवा उंची १०० पिक्सेलपेक्षा कमी मागितली तरी ती १०० च्या खाली जात नाही.

७. छोट्या खिडकीतला अ‍ॅड्रेस बार काढून टाकता येतो का?

नाही. पूर्वी यायचा. त्याचा फायदा घेऊन बँकेसारखी दिसणारी खोटी खिडकी दाखवून पासवर्ड काढून घेतले जायचे. २००६ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ७ पासून पत्ता दिसणं सक्तीचं होत गेलं. आजही एखादं जुनं ट्यूटोरियल बार लपवायचा कोड देतं. तो चालत नाही, त्यावर वेळ घालवू नका.

८. आमच्या ऑफिसात सगळ्यांकडे फायरफॉक्स आहे, तरी एकाच्याच मशीनवर खिडकीऐवजी टॅब उघडतो. का?

फायरफॉक्सच्या आतल्या, सहसा न दिसणाऱ्या सेटिंग्जमध्ये नव्या खिडक्यांबद्दल एक आकडा असतो. तो मुळात २ असतो: आकार सांगितलेली खिडकी वेगळी उघड, बाकीच्या टॅबमध्ये वळव. कुणी तो ० केला तर आकार सांगितलेल्या खिडक्याही टॅबमध्ये जातात. टॅब व्यवस्थित ठेवणारी काही एक्सटेन्शन्सही असंच करतात. ही वापरणाऱ्याची निवड आहे, साइटने तिच्याशी भांडू नये.

९. पहिल्यांदा दाबलं तर खिडकी उघडते, दुसऱ्यांदा काहीच होत नाही. बिघाड आहे का?

बहुतेक वेळा खिडकी उघडलेली असते, फक्त मोठ्या खिडकीच्या मागे दडलेली असते. प्रत्येक खिडकीला कोडमध्ये नाव देता येतं. त्याच नावाने पुन्हा उघडायला सांगितलं की ब्राउझर नवी न उघडता जुन्याच खिडकीत पान भरतो, आणि ती पुढे येईलच असं नाही. उघडल्यानंतर लगेच तिला पुढे आणण्याचा, म्हणजे फोकसचा, आदेश द्या. वापरणाऱ्यांनी विंडोजच्या टास्कबारवर किंवा मॅकच्या विंडो मेनूत एकदा बघावं.

जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये या नावात मोकळी जागा असेल तर खिडकी उघडायचीच नाही. जुना कोड हाताळताना नावं तपासून घ्या.

१०. आयफोनवर सफारीत दिसत नाही म्हणून क्रोम घेतलं, तरी तसंच. असं कसं?

आयफोनवरचा क्रोम, एज, फायरफॉक्स यांच्या आत सफारीचंच इंजिन (पान काढून दाखवणारा भाग) असतं, वेबकिट. अ‍ॅपलचा तसा नियम आहे. मार्च २०२४ मध्ये युरोपीय संघापुरती त्यात सूट मिळाली, भारतात नाही. म्हणून आयफोनवर ब्राउझर बदलून पाहण्याने सहसा फरक पडत नाही. आणि साइट करणाऱ्यांनो, अँड्रॉइडच्या क्रोमवर चाललं म्हणजे आयफोनच्या क्रोमवर चालेल असं समजू नका. नाव एक, यंत्र वेगळं.

११. 'नक्की डिलीट करायचं?' ही सूचना प्रत्येक ब्राउझरमध्ये वेगळी दिसते. रंग, बटणं एकसारखी करता येतील का?

नाही. ती ब्राउझरची आहे. बटणांची भाषाही ब्राउझरच्या भाषेप्रमाणे ठरते. तुमची साइट मराठीत असली तरी ब्राउझर इंग्रजीत असेल तर बटणं इंग्रजीच येतील. वर साइटचं नाव येतं तेही काढता येत नाही, कारण सूचना कोण देतंय ते माणसाला कळायला हवं. एकापाठोपाठ सूचना दिल्या तर ब्राउझर 'या पानाच्या सूचना पुन्हा नकोत' असा पर्याय देतो. माणसाने तो निवडला की पुढची सूचना गुपचूप गिळली जाते. म्हणून डिलीटसारख्या कामाची खात्री या सूचनेवर सोडू नका, पानातली चौकट वापरा (प्रश्न १९).

पान सोडून जाताना येणाऱ्या सूचनेत स्वतःचा मजकूर घालता येत नाही. २०१६ पासून क्रोम तिथे आपलंच ठरावीक वाक्य दाखवतो, इतर ब्राउझरही तसंच करतात.

१२. ऑफिसचं जुनं पोर्टल फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये नीट चालायचं. आता त्यातलं 'निवडा' पॉपअप उघडतच नाही.

असं पोर्टल बहुधा शो मोडल डायलॉग नावाच्या जुन्या आदेशावर उभं असतं. ती खिडकी बंद होईपर्यंत मागचं पान थांबून राहायचं आणि निवडलेला पर्याय परत घ्यायचं. क्रोमने २०१४ मध्ये तो बंद करायला सुरुवात केली, फायरफॉक्सने २०१७ मध्ये काढला, आणि इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा आधार जून २०२२ मध्ये बहुतेक विंडोज १० मशीनवर संपला. तात्पुरता मार्ग म्हणजे एजमधला आयई मोड. मायक्रोसॉफ्टने तो किमान २०२९ पर्यंत ठेवायचं सांगितलंय. पण तेवढ्यात पोर्टल नव्याने लिहून घ्या. ते वापरणाऱ्या कारकुनांनी वर्षानुवर्षं हा त्रास सोसला आहे.

१३. पानातली चौकट क्रोममध्ये सुबक दिसते, पण मॅकवर आणि फोनवर मराठी मजकूर कापला जातो. इंग्रजीत असं होत नाही!

याबद्दल फार कमी लिहिलं जातं. विंडोजवर देवनागरी सहसा निर्मला यूआय या फॉन्टमध्ये दिसते, जुन्या मशीनवर मंगलमध्ये. मॅक आणि आयफोनवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी. चारही फॉन्टची अक्षरांची रुंदी आणि ओळीची उंची वेगवेगळी. इंग्रजी नमुना समोर ठेवून चौकटीची उंची ठरवली, बटण 'ओके' पुरतं आखलं, आणि मग त्यात 'मान्य आहे' किंवा 'नंतर आठवण करा' बसवलं की एखाद्या फॉन्टमध्ये शेवटचा शब्द खालच्या ओळीत जातो आणि चौकटीबाहेर पडतो.

दुसरी अडचण उभी. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार. 'विद्यार्थ्यांसाठी' हा एकच शब्द लिहून पाहा. ओळीची उंची इंग्रजीप्रमाणे घट्ट ठेवली आणि बाहेरचं लपवा असं सांगितलं की रफारावरचा अनुस्वार कापला जातो.

म्हणून उंची कधीच पक्की बांधू नका, फक्त किमान उंची द्या. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट किंवा थोडी जास्त ठेवा. बटणाला ठरावीक रुंदी न देता दोन्ही बाजूंना मोकळी जागा द्या. सगळीकडे एकसारखं दिसायला हवंच असेल तर वेबफॉन्ट, म्हणजे साइटबरोबर उतरणारा फॉन्ट, वापरा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता फुकट मिळतो आणि पडद्यावर छान वाचता येतो. मात्र तो उतरेपर्यंत यंत्रातला फॉन्ट दिसतो आणि मग मजकूर किंचित सरकतो, तेव्हा चौकट तेवढी ऐसपैस ठेवा.

१४. चौकट कधी मेनूच्या मागे जाते, कधी कीबोर्डखाली. 'बंद करा'चं बटणच सापडत नाही.

तीन वेगळी कारणं आहेत. मेनूच्या मागे जाते ती थरांच्या क्रमामुळे: ज्या भागाच्या आत चौकट लिहिली आहे तोच खालच्या थरात असेल तर कितीही मोठा झेड-इंडेक्स (थराचा क्रमांक) देऊन उपयोग नाही. शिवाय बाहेरच्या भागाला ट्रान्सफॉर्म (सरकवणं, फिरवणं, लहान-मोठं करणं) लावलं असेल तर स्क्रीनला चिकटणारी चौकट त्या भागालाच चिकटते. चौकट पानाच्या शेवटी, सगळ्यांच्या बाहेर लिहा, किंवा प्रश्न १९ मधला मार्ग घ्या.

खालचं बटण गायब होतं ते उंचीच्या हिशेबामुळे. मोबाइल सफारीत 'स्क्रीनची १०० टक्के उंची' मोजताना खालचा-वरचा बार वजा होत नाही. २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये त्यासाठी डीव्हीएच हे नवं एकक आहे, ते वापरा. कीबोर्ड आला तरी पानाची मूळ उंची आयफोनवर बदलत नाही, म्हणून ज्या चौकटीत काही टाइप करायचंय ती स्क्रीनच्या वरच्या अर्ध्यात ठेवा.

१५. 'महिन्यातून एकदाच दाखव' असं सेट केलंय, तरी सफारीवाल्यांना दर आठवड्याला तीच सूचना येते.

तुमचा कोड बरोबर आहे. दाखवल्याची नोंद जावास्क्रिप्टने कुकीत ठेवली असेल तर सफारी ती २०१९ पासून जास्तीत जास्त ७ दिवस ठेवते. २०२० पासून लोकल स्टोरेजलाही (ब्राउझरमधली नोंदी ठेवायची दुसरी जागा) तशीच मर्यादा लागली: ब्राउझर वापरला पण त्या साइटला ७ दिवस हात लावला नाही, तर नोंद पुसली जाते. माग काढणाऱ्या जाहिरात कंपन्यांना रोखण्यासाठी हे केलंय, आणि ते योग्यच आहे. नोंद खरंच टिकवायची असेल तर कुकी सर्व्हरकडून द्या.

१६. आमची सूचना जाहिरात नाही, तरी अ‍ॅडब्लॉकर ती लपवतो.

एक्सटेन्शन मजकूर वाचत नाही, चौकटीला कोडमध्ये दिलेलं नाव पाहतं. नावात पॉपअप, अ‍ॅड, न्यूजलेटर असे शब्द असतील तर याद्यांमधल्या नियमांत ते सापडू शकतं. पाण्याच्या वेळापत्रकाची सूचना असेल तर नावही तसंच द्या. पण खरी जाहिरात नाव बदलून आत घुसवू नका. लोकांनी ब्लॉकर विचार करून लावलेला असतो.

१७. पैसे भरण्याची किंवा लॉगिनची खिडकी उघडते, काम होतं, पण मूळ पान तसंच फिरत राहतं.

छोट्या खिडकीने काम झाल्यावर मूळ पानाला निरोप द्यायचा असतो. तो निरोप नेणारा, दोन पानांमधला धागा तुटलाय. साध्या लिंकने नवा टॅब उघडला तर हा धागा आता आपोआप तोडला जातो (सफारी आणि फायरफॉक्समध्ये आधी, क्रोममध्ये २०२१ पासून), कारण उघडलेलं पान मूळ पान बदलून फसवू शकायचं. बँकेच्या किंवा लॉगिनच्या पानाने स्वतः सुरक्षेचा कडक हेडर (पानासोबत सर्व्हरने पाठवलेली सूचना) लावला असेल तरी धागा तुटतो, आणि मग तुमच्या कोडला उघडी खिडकी 'बंद' दिसते.

इथे एक फसवा अपवाद आहे. धागा नको असं तुम्हीच आदेशात लिहिलं असेल तर खिडकी नीट उघडूनही कोडच्या हाती रिकामं उत्तर येतं. अडवलेल्या खिडकीचंही उत्तर तेच. त्यामुळे समोर खिडकी दिसत असताना 'तुमचं पॉपअप अडवलंय' अशी चुकीची सूचना येते.

पैशाच्या बाबतीत खिडकीच्या निरोपावर अजिबात विसंबू नका. भरणा झाला की नाही हे तुमच्या सर्व्हरने पेमेंटवाल्यांच्या सर्व्हरला विचारावं. आणि वापरणाऱ्यांनी: पान अडकलं तर लगेच पुन्हा पैसे भरू नका, आधी बँकेचा मेसेज आणि खातं बघा.

१८. फेसबुक किंवा इन्स्टाग्राममधून लिंक उघडली की गूगल लॉगिन चालत नाही.

ती लिंक अ‍ॅपच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. तिथे नवी खिडकी उघडेलच असं नाही, कधी ती त्याच जागी उघडते आणि तुमचं पान निघून जातं. शिवाय अशा आतल्या ब्राउझरमधून गूगल लॉगिन करू देत नाही, हा निर्णय २०१७ पासून लागू आहे. अ‍ॅपच्या मेनूतून 'ब्राउझरमध्ये उघडा' निवडा. साइट करणाऱ्यांनी लॉगिन वेगळ्या खिडकीत न ठेवता पूर्ण पानावर नेऊन परत आणावं.

१९. मग पानातल्या चौकटीसाठी आज काय वापरावं?

डायलॉग हा टॅग. क्रोममध्ये तो २०१४ पासून आहे, फायरफॉक्स आणि सफारीत मार्च २०२२ मध्ये आला. तो सगळ्या थरांच्या वर उघडतो, एस्केप दाबलं की बंद होतो, मागच्या पानावर टॅबने जाता येत नाही, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना चौकट उघडल्याचं कळतं. हे सगळं हाताने लिहिताना काहीतरी राहतंच. बाहेर दाबलं की बंद होणाऱ्या छोट्या टिपांसाठी पॉपओव्हर आहे, तो २०२४ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये चालतो.

जुना आयफोन वापरणारे लोक तुमच्या साइटवर असतील तर मात्र चौकटीतला मजकूर पानावरही साधा लिहून ठेवा. अंतिम तारीख, फी, सुट्टीची सूचना यांची मूळ जागा पानावरच असायला हवी.

२०. तक्रार पाठवताना काय काय कळवू?

फोन की कॉम्प्युटर, ब्राउझरचं नाव आणि आवृत्ती, लिंक कुठून उघडली (व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक की थेट), नेमकं कोणतं बटण दाबलं, आणि पूर्ण स्क्रीनचा फोटो. फोटोत अ‍ॅड्रेस बार येऊ द्या, फक्त चौकटीपुरता कापू नका. ओटीपी, कार्ड नंबर, आधार क्रमांक दिसत असेल तर तो झाकून पाठवा.